घराच्या तारा संगणकाला जोडताना: सेन्सर, रिले आणि सिरियल पोर्टची जोडणी, पायरी-पायरीने

होम ऑटोमेशनची सुरुवात बहुतेक जण सॉफ्टवेअरपासून करतात. होम असिस्टंट किंवा ओपनहॅब बसवतात, स्क्रीनवर छान बटणं मांडतात, आणि मग त्या बटणामागे खरा दिवा, खरा पंप, खरं दार कसं आणायचं यापाशी येऊन अडतात. हा लेख त्या अडलेल्या जागेबद्दल आहे. संगणक आणि घर यांच्यामध्ये जे काही लागतं, म्हणजे पोर्ट, पिना, रिले (संगणकाच्या इशाऱ्यावर चालणारा विजेचा स्विच), तारा, ते कुठल्या क्रमाने जोडायचं आणि प्रत्येक टप्प्यावर काय तपासायचं, ते इथे सांगतो.

पुढचा प्रत्येक निर्णय एका प्रश्नावर उभा आहे, म्हणून तो आधीच मांडतो. कुठलीही तार जोडण्याआधी विचारायचं: संगणक बंद पडला तर या जागी काय होईल? दिवा भिंतीवरच्या बटणाने लागेल का? पंप थांबेल की चालूच राहील? उत्तर ठाऊक नसेल तर ती तार जोडायची वेळ अजून आलेली नाही. संगणक कधी ना कधी बंद पडतोच, आणि नेमका त्या वेळी घरात असा कोणीतरी असतो ज्याला तुमची यंत्रणा कशी चालते याची काहीच कल्पना नसते.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. १२ व्होल्टपर्यंतचं काम स्वतः करायला हरकत नाही. घरातल्या मुख्य विजेचं, मग ती २३० व्होल्टची असो की १२० ची, काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. तुमच्याकडे आराखडा तयार असावा, कुठला रिले कुठल्या सर्किटमध्ये हे तुम्हाला माहीत असावं, पण पेटीतली जोडणी त्याच्या हातून व्हावी.

आधी कागद

एक मोठा कागद घ्या. जोडायच्या प्रत्येक वस्तूपुढे चार रकाने आखा. ती वस्तू संगणकाला माहिती देते की त्याच्याकडून हुकूम घेते? तिचा कारभार नुसता चालू-बंदचा आहे की आकड्यांचा? ती संगणकापासून किती मीटरवर आहे? आणि चौथा रकाना वरच्या प्रश्नाचा: संगणक बंद असताना तिचं काय?

अंतराचा रकाना बरेच जण रिकामा सोडतात आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी तिथूनच सुरू होते. उदाहरणार्थ, आय-टू-सी ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आणली ती एकाच उपकरणातल्या चिपांनी आपसात बोलावं म्हणून. टेबलावर अर्ध्या मीटरच्या तारेने जोडलेला सेन्सर झकास चालतो. तोच सेन्सर दहा मीटरवर नेला की कधी उत्तर देतो, कधी नाही, आणि माणूस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. चूक प्रोग्रामची नसते. तार जितकी लांब तितकी तिची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) जास्त, आणि सिग्नलला वर चढायला वेळच मिळत नाही.

म्हणून माझा ठोकताळा असा: एकाच डब्याच्या आत जीपीआयओ पिना (बोर्डाच्या साध्या इनपुट-आउटपुट पिना) आणि आय-टू-सी. एका मजल्यावर दार-खिडक्यांच्या साध्या स्विचांसाठी १२ व्होल्टचा लूप (स्विचपर्यंत जाऊन परत येणारी तारेची वाट), तापमानासाठी वन-वायर (एकाच डेटा-तारेवर अनेक सेन्सर). घरभर पसरलेल्या उपकरणांसाठी आरएस-४८५ (अनेक उपकरणं एका तारजोडीवर लांबवर जोडायची सिरियल पद्धत). जिथे तार नेताच येत नाही तिथे झिगबी (कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत) किंवा ईएसपी३२ सारखी वायफायची छोटी चिप. बिनतारी सोपं वाटतं, पण जिथे तार टाकणं शक्य आहे तिथे मी तारच टाकतो. तिची बॅटरी संपत नाही आणि शेजारच्या राउटरचा तिला त्रास होत नाही.

संगणक, पोर्ट आणि पहिली चाचणी

रास्पबेरी पाय हा छोटा, एका बोर्डावरचा संगणक असो की जुना मिनी पीसी, दोन्ही चालतात. पायला ४० पिनांची पट्टी आहे हा त्याचा फायदा. पण त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, आणि त्यातल्या एखाद्या इनपुट पिनेला चुकून ५ व्होल्ट मिळाले तर चिप कायमची जाऊ शकते. ५ व्होल्टचा सेन्सर जोडायचा असेल तर मध्ये दोन रेझिस्टर घाला: सिग्नलकडून १० किलोओहम, तिथून ग्राउंडला २० किलोओहम, आणि मधल्या सांध्यावरून पिनेला तार. तिथे ३.३ व्होल्टच मिळतात.

तरीही माझं स्पष्ट मत आहे की घरभर फिरणाऱ्या तारा मुख्य संगणकाच्या पिनांना थेट जोडू नयेत. लांब तार अँटेनासारखी वागते. वीज कडाडली किंवा शेजारच्या पाइपातून जिची तार जाते ती मोटर सुरू झाली की तिच्यात झटका येतो. तो झटका झेलायला मध्ये एखादा मायक्रोकंट्रोलर (एकच प्रोग्राम चालवणारी छोटी चिप) किंवा इनपुट-आउटपुट बोर्ड असावा. तो गेला तर बदलता येतो. मुख्य संगणक गेला तर सगळं घर गप्प होतं.

हा मधला बोर्ड बहुतेक वेळा यूएसबी-सिरियलने संगणकाला जोडला जातो. लिनक्सवर त्याची जोडणी अशी करा.

बोर्ड लावा आणि सिस्टिमच्या लॉगमध्ये बघा. एफटीडीआय, सीएच३४० किंवा सीपी२१०२ यांपैकी एखाद्या चिपचं नाव आणि टीटीवाय-यूएसबी-शून्य (ttyUSB0) असं पोर्टचं नाव दिसेल. ते पोर्टचं नाव सेटिंगमध्ये लिहू नका. आज शून्य असलेला पोर्ट उद्या रीबूटनंतर एक होतो, आणि मीटरचे आदेश झिगबीच्या डोंगलकडे (यूएसबीत खोचायच्या रेडिओकडे) जाऊ लागतात. डेव्ह फोल्डरात सिरियल नावाचा फोल्डर असतो, त्यात बाय-आयडी (/dev/serial/by-id). तिथलं लांबलचक नाव त्या ठरावीक उपकरणाला चिकटलेलं असतं, तेच वापरा. सीएच३४० चिपला अनेकदा स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे तसे दोन बोर्ड असतील तर दोघांचं नाव एकच येतं. मग शेजारचा बाय-पाथ फोल्डर वापरायचा आणि कुठला बोर्ड कुठल्या यूएसबी भोकात, हे कायम ठेवायचं.

पोर्ट दिसतो पण उघडत नाही, परवानगी नाही म्हणतो, तर डेबियन किंवा उबंटूसारख्या सिस्टिमवर तुमचा वापरकर्ता डायलआउट ग्रुपमध्ये आहे का ते पाहा. ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून परत यावं लागतं.

आता चाचणी. यूएसबी-सिरियल अडॅप्टर कशालाही जोडलेला नसताना त्याची टीएक्स (पाठवायचं) आणि आरएक्स (घ्यायचं) ही टोकं तारेच्या एका तुकड्याने एकमेकांना जोडा. टर्मिनल प्रोग्राम उघडा, त्याचा स्थानिक प्रतिध्वनी बंद ठेवा आणि काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं स्क्रीनवर परत उमटलं तर संगणक, ड्रायव्हर, परवानगी आणि अडॅप्टर हे चारही ठीक आहेत. तुकडा काढला की अक्षरं उमटायची थांबली पाहिजेत. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढे काही बिघडलं तर या अलीकडच्या बाजूचा संशय तरी उरत नाही. मग उपकरण जोडताना टीएक्स पलीकडच्या आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला, शिवाय दोघांचा ग्राउंड एक. ग्राउंडची तार विसरल्यामुळे येणारी कचरा-अक्षरं मी इतक्या जणांकडे पाहिली आहेत की आता पहिला प्रश्न तोच विचारतो.

जुन्या उपकरणांचा नऊ पिनांचा पोर्ट खऱ्या आरएस-२३२ चा असतो. त्यावर उणे आणि अधिक, दोन्ही बाजूंचं व्होल्टेज येतं, १२ व्होल्टच्या आसपाससुद्धा. तो थेट पिनेला लावायचा नाही, मध्ये मॅक्स३२३२ चिपचा छोटा बोर्ड हवाच. आणि आर्डुइनो उनो वापरत असाल तर लक्षात असू द्या, संगणकाने पोर्ट उघडला की तो बोर्ड रीसेट होतो. प्रोग्राम चढवून झाल्यावर रीसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हे थांबतं. नवा प्रोग्राम चढवताना मात्र तो काढावा लागतो.

दारं-खिडक्या: साध्या स्विचचं इनपुट

दाराचा रीड स्विच म्हणजे काचेच्या नळीतल्या दोन पात्या. चुंबक जवळ आला की चिकटतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये याहून साधं काही नाही, तरी त्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, उघडी पिन तरंगती ठेवू नका. स्विच उघडा असताना पिनेला काहीतरी ठाम पातळी हवी, त्यासाठी पिनेपासून अधिक व्होल्टेजला जोडलेला पुल-अप रेझिस्टर. पायच्या आतला पुल-अप साधारण ५० किलोओहमचा असतो, तो टेबलावर पुरतो. लांब तारेला बाहेरून १ ते ४.७ किलोओहमचा लावा. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप नसतोच. तिथे बाहेरचा लावला नाही तर दार आपोआप उघडझाप करतंय असं दिसेल.

दुसरी, लांब लूपसाठी १२ व्होल्ट आणि ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशाने इशारा पोचवणारी चिप. पीसी८१७ हा सहज मिळणारा नमुना आहे. १२ व्होल्ट, त्यापुढे दाराचा स्विच, मग २.२ किलोओहम, मग ऑप्टोकपलरच्या आतला एलईडी, आणि परत ग्राउंड. लूपमधून साधारण ५ मिलिअँपिअर वाहतात. एवढ्या प्रवाहापुढे तारेत शिरलेला गोंगाट टिकत नाही, आणि संगणकाच्या बाजूला फक्त प्रकाशाचा इशारा पोचतो. विजेचा थेट संबंधच राहत नाही.

तिसरी, दिशा. दार बंद असताना लूप पूर्ण, दार उघडलं की तुटलेला, अशीच जोडणी करा. मग तार कुरतडली गेली, सांधा सुटला, तरी संगणकाला दार उघडलं असंच दिसेल आणि तुम्ही बघायला जाल. उलट जोडलं तर तुटलेली तार कायम ‘दार बंद’ सांगत राहते.

पात्या चिकटताना थरथरतात. एकदा दार लावलं तरी पाच-सहा वेळा उघडझाप झाल्याची नोंद होऊ शकते. सॉफ्टवेअरमध्ये २० ते ५० मिलिसेकंदांचा डिबाउन्स, म्हणजे तेवढा वेळ थरथरीकडे दुर्लक्ष, ठेवला की ते जातं.

तापमान

घरासाठी डीएस१८बी२० हा सेन्सर मला अजून सगळ्यात सोयीचा वाटतो. एकाच तारेवर अनेक बसतात, प्रत्येकाला कारखान्यातूनच ६४ बिटांचा वेगळा पत्ता असतो, आणि उणे ५५ ते अधिक १२५ अंशांपर्यंत तो मोजतो. डेटाच्या तारेपासून ३.३ व्होल्टपर्यंत ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो. प्रत्येक सेन्सरला नव्हे, पूर्ण तारेसाठी एकच.

सेन्सर भिंतीत किंवा पाइपाला बसवण्याआधी एकेक करून जोडा, त्याचा पत्ता वाचा आणि चिकटपट्टीवर लिहून त्याच्याच तारेला गुंडाळा. आठ सेन्सर एकदम बसवल्यावर कुठला कुठे हे शोधायला प्रत्येकाला हातात धरून गरम करत फिरावं लागतं.

आकडा बरोबर ८५ अंश आला तर त्यावर विश्वास ठेवू नका. वीज मिळाल्यावर सेन्सरच्या आत तोच आकडा भरलेला असतो. १२ बिटांचं मोजमाप व्हायला ७५० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढं न थांबता वाचलं किंवा मध्येच त्याची वीज गेली तर तोच परत येतो. पाणी गरम करणाऱ्या यंत्रावर हा सेन्सर असेल तर नेमका ८५ सॉफ्टवेअरमध्येच गाळून टाका, नाहीतर कधीतरी या खोट्या आकड्यावर काहीतरी बंद पडेल किंवा चालू होईल.

रिले: इथे घाई नको

इनपुट चुकलं तर स्क्रीनवर चुकीचं दिसतं. आउटपुट चुकलं तर घरात काहीतरी खरोखर घडतं. म्हणून या भागाला वेळ द्या.

माझ्याकडे पाण्याचा पंप रिलेने चालायचा. सगळं नीट होतं, फक्त संगणक रीबूट झाला की पंप क्षणभर घरघरायचा आणि थांबायचा. कित्येक दिवस मला ते ऐकूच आलं नव्हतं, कारण रीबूट मी दुसऱ्या खोलीतून करायचो. एकदा पंपाजवळ उभा असताना अपडेट झालं आणि डब्यातून ‘टक्’ असा आवाज आला. रिले बोर्डावरचा लाल दिवा लागला, विझला. कारण असं की बाजारातले बरेच रिले बोर्ड उलट्या तर्काचे असतात: पिन खाली गेली की रिले ओढला जातो. माझा प्रोग्राम पिनेला आधी आउटपुट करायचा आणि मग वर न्यायचा. मधल्या क्षणात पिन खाली, म्हणजे पंप चालू. दोन ओळींचा क्रम उलटा केला, आधी किंमत वर आणि मग आउटपुट, आणि टक् थांबलं.

तेव्हापासून कुठलाही रिले मी पहिले काही दिवस भाराशिवाय ठेवतो. खरी वस्तू न जोडता फक्त बोर्डावरचा दिवा बघायचा. वीज द्या, काढा, संगणक रीबूट करा, प्रोग्राम अर्ध्यात मारा, नेटवर्कची केबल उपटा. प्रत्येक वेळी दिवा विझलेलाच राहिला पाहिजे. ईएसपी८२६६ वापरत असाल तर ०, २ आणि १५ या पिना रिलेला देऊ नका. चिप कुठल्या मोडमध्ये सुरू व्हायची हे त्या पिनांवरच ठरतं, आणि सुरू होताना त्यांची पातळी तुमच्या हातात नसते.

रिलेच्या कॉइलला पिनेतून वीज द्यायची नाही. ५ व्होल्टच्या नेहमीच्या छोट्या रिलेची कॉइल ७० मिलिअँपिअरच्या आसपास खाते, आणि पायच्या पिनेची ताकद त्याच्या पाव हिश्श्याएवढीही नसते. मध्ये ट्रान्झिस्टर आणि कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७ चालतो, हे हवंच. डायोड नसेल तर कॉइल सुटताना उठणारा झटका ट्रान्झिस्टरला खाऊन टाकतो. तयार बोर्डावर हे सगळं असतं. तिथे एक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) मात्र बघा. अनेक बोर्डांवर ऑप्टोकपलरची वीज आणि कॉइलची वीज त्या जंपरने एकत्र केलेली असते. पाय किंवा ईएसपीबरोबर वापरताना जंपर काढून ऑप्टोकपलरला ३.३ आणि कॉइलला वेगळे ५ व्होल्ट द्या. नाहीतर ३.३ व्होल्टची ‘वर’ पातळी ५ व्होल्टच्या बोर्डाला पुरेशी वर वाटत नाही आणि रिले सुटायचा तो ओढलेलाच राहू शकतो.

रिलेवर १० अँपिअर लिहिलंय म्हणून १० अँपिअरचा पंप लावू नका. तो आकडा हीटरसारख्या सरळ भाराचा असतो. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट ओढते, आणि एलईडी दिव्यांचा चालक कपॅसिटर भरण्यासाठी क्षणभर मोठा घोट घेतो. या घोटाने कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात. मग संगणक बंद म्हणतो आणि दिवा चालूच राहतो. मोटरसाठी रिलेने कॉन्टॅक्टर (जड भारासाठीचा मोठा रिले) चालवा आणि कॉन्टॅक्टरने मोटर.

आता दिव्यांची माझी आवडती जोडणी. जिन्याच्या दिव्याचं टू-वे वायरिंग प्रत्येक वायरमनला येतं: खाली एक बटण, वर एक, कुठल्याही बटणाने दिवा लागतो-विझतो. त्यातलं एक बटण म्हणजे आपला रिले. भिंतीवर टू-वे बटण बसवायचं, त्याच्या कॉमनला फेज. त्याच्या दोन टोकांपासून दोन तारा रिलेच्या एनओ (एरवी उघडं) आणि एनसी (एरवी जोडलेलं) या दोन टोकांना. रिलेच्या कॉमनपासून तार दिव्याला. रिले मेला, संगणक जळाला, काहीही झालं तरी भिंतीवरचं बटण नेहमीच्या बटणासारखं काम करतं. घरच्या माणसांना काही शिकवावं लागत नाही.

यात एक पेच आहे. रिले ओढलाय की सुटलाय यावरून दिवा लागलाय का हे कळत नाही, कारण बटण कुठल्या बाजूला आहे ते संगणकाला दिसत नाही. त्यासाठी दिव्याच्या तारेवर मुख्य विजेची चाहूल घेणारा ऑप्टोकपलरचा तयार बोर्ड लावायचा आणि त्याचं उत्तर इनपुट म्हणून घ्यायचं. मग ‘दिवा लाव’ या हुकुमाचा अर्थ होतो: दिवा विझलेला असेल तरच रिलेची बाजू बदल. थोडं जास्तीचं काम आहे, पण स्क्रीन खरं बोलते.

मुख्य विजेच्या आणि कमी व्होल्टेजच्या तारा एका पाइपात घालू नका, डब्यातही मध्ये पडदा ठेवा. रिले नेहमी फेज तोडतो, न्यूट्रल नाही.

आरएस-४८५ आणि मॉडबस

वीजमापक, तापमान नियंत्रक, सोळा रिल्यांचे बोर्ड, यांतल्या पुष्कळशा वस्तू आरएस-४८५ च्या तारेवरून मॉडबस नावाची भाषा बोलतात. मोडिकॉन कंपनीने ही भाषा १९७९ मध्ये कारखान्यातल्या नियंत्रकांसाठी काढली आणि ती अजून टिकून आहे, कारण ती साधी आहे. एक मालक विचारतो, ज्याचा पत्ता तोच उत्तर देतो. बाकी सगळे गप्प.

तारेची आखणी आधी. पिळाची जोडी घ्या, नेटवर्क केबलमधली एक जोडी चालते. एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे, अशी एकच माळ. मधून फांद्या फोडू नका आणि एका केंद्रातून चहूकडे तारा नेऊ नका, सिग्नल टोकांवरून परत उसळतो. माळेच्या दोन टोकांना, आणि फक्त टोकांनाच, १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. सगळ्यांची वीज बंद करून मल्टिमीटरने दोन तारांमध्ये मोजा: ६० ओहमच्या आसपास आलं पाहिजे. १२० आलं तर एका टोकाचा रेझिस्टर राहिलाय किंवा तार मध्येच तुटलीय. ४० आलं तर कोणत्या तरी मधल्या उपकरणाच्या आतला रेझिस्टरही चालू आहे. ग्राउंडसाठी तिसरी तारही सोबत न्या. या पद्धतीने कमी वेगावर १२०० मीटरपर्यंत जाता येतं, घर त्यापुढे काहीच नाही.

ए आणि बी ही अक्षरं सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत. सगळं बरोबर दिसतंय आणि उत्तर येत नाही, तर दोन तारांची अदलाबदल करून बघा. त्याने काही जळत नाही.

उपकरणं एकेक करून माळेत घ्या. नवी वस्तू बहुधा १ या पत्त्यावर येते. दोन वस्तू त्याच पत्त्यावर असल्या की दोघी एकदम बोलतात आणि काहीच कळत नाही. १ ते २४७ मधला वेगळा पत्ता देऊन मगच पुढची जोडा. वेग, पॅरिटी आणि स्टॉप बिट या सिरियल पोर्टच्या सेटिंग सगळ्यांच्या एकच हव्यात.

उत्तर येतं पण आकडा निरर्थक, या टप्प्यावर दोन जागा बघा. माहितीपत्रकात ४०००१ लिहिलेलं रजिस्टर (उपकरणातला आकडा ठेवायचा क्रमांकित कप्पा) तारेवरून मागताना शून्य क्रमांकाचं असतं, म्हणून एकाने मागे-पुढे करून पाहा. आणि मोठे आकडे दोन रजिस्टरांत विभागलेले असतात, त्यांतला आधी कुठला आणि नंतर कुठला हे उत्पादकागणिक बदलतं. वीजमापकाचं व्होल्टेज वाचून ही जुळणी करणं सोपं, कारण खरा आकडा काय असायला हवा हे तुम्हाला मल्टिमीटरवर दिसतंच.

बिनतारी डोंगल

झिगबीचा डोंगल संगणकाच्या यूएसबी ३ च्या भोकात थेट खोचू नका. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि झिगबीही तिथेच बोलते. मीटरभराची यूएसबी २ ची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब ठेवला की हरवलेली उपकरणं परत येतात. वायफाय १, ६ आणि ११ या चॅनलांवर असेल तर झिगबीचे १५, २० आणि २५ हे चॅनल त्यांच्या फटींत किंवा कडेला बसतात. चॅनल सुरुवातीलाच ठरवा, नंतर बदलला तर काही उपकरणं पुन्हा जोडून घ्यावी लागतात.

एमक्यूटीटी: सगळ्यांना एका जागी आणणं

इतक्या वेगवेगळ्या वस्तू जोडल्यावर त्यांचं बोलणं एका ठिकाणी यायला हवं. त्यासाठी एमक्यूटीटी, म्हणजे उपकरणांनी छोटे संदेश पाठवायची-घ्यायची पद्धत. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर नजर ठेवण्यासाठी बनवली, तुटक आणि महागड्या उपग्रह जोडणीवरही चालावी म्हणून. घरच्या संगणकावर मॉस्किटो हा ब्रोकर, म्हणजे संदेश घेऊन पोचवणारा मधला प्रोग्राम, बसवा. तो १८८३ या पोर्टवर ऐकतो. पासवर्ड पहिल्याच दिवशी लावा.

प्रत्येक वस्तूला दोन विषय (संदेश ज्या नावाखाली जातो ते नाव) द्या, एक हुकुमाचा आणि एक स्थितीचा: घर/जिना/दिवा/हुकूम आणि घर/जिना/दिवा/स्थिती. हुकूम संगणक पाठवतो. स्थिती फक्त हार्डवेअर पाठवतं, तीही दिव्याच्या तारेवरून प्रत्यक्ष बघून. हे दोन एकत्र केले की पाठवलेला हुकूमच खरी परिस्थिती म्हणून स्क्रीनवर दिसत राहतो.

रिटेन नावाचा पर्याय (शेवटचा संदेश ब्रोकरकडे साठवून ठेवणारा) स्थितीवर चालू ठेवा, म्हणजे संगणक रीबूट झाल्यावर त्याला लगेच सध्याची अवस्था कळते. हुकुमावर तो कधीही लावू नका. रात्री दिलेला ‘पंप चालू’ हा हुकूम ब्रोकरकडे साठून राहतो, आणि तीन दिवसांनी वायफाय तुटून परत जोडलं गेलं की कंट्रोलरला तोच हुकूम ताजा म्हणून मिळतो. घरी कोणी नसताना पंप सुरू होतो. शिवाय प्रत्येक कंट्रोलरचा लास्ट विल लिहून ठेवा: मी अचानक गप्प झालो तर माझ्या नावाने ‘गैरहजर’ असं सांग. मग गोठलेला आकडा आणि खरा आकडा यांतला फरक स्क्रीनवर दिसतो.

पंप, हीटर, दाराची मोटर यांना जास्तीत जास्त किती वेळ चालायचं ही मर्यादा कंट्रोलरच्या आतच घाला, संगणकात नव्हे. ‘बंद’ हा संदेश वाटेत हरवला तरी ठरलेल्या मिनिटांनी पंप आपला आपण थांबला पाहिजे. आणि जिथे चूक झाली तर आग किंवा पूर येऊ शकतो तिथे प्रोग्रामवर अवलंबून राहूच नका. हीटरला थर्मोस्टॅटचा स्वतंत्र कट-आउट आणि टाकीला पाण्याच्या पातळीने चालणारा फ्लोट स्विच, विजेच्या वाटेतच बसवा.

प्लग काढून बघण्याचा दिवस

सगळं जोडून झालं की घरातले सगळे असताना संगणकाचा प्लग काढा आणि संध्याकाळभर तसाच ठेवा. कोणाला काय अडतंय ते लिहून घ्या. मग प्लग लावा आणि काही आपोआप सुरू होतंय का ते ऐका. त्यानंतर फक्त राउटर बंद करून तेच करा, मग फक्त ब्रोकर. पहिल्या वेळी माझ्या यादीत चार गोष्टी निघाल्या, त्यातली एक फाटकाच्या दिव्याची होती. त्याला बटणच ठेवलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली असती.

शेवटचं काम कागदाचं. सुरुवातीला आखलेल्या त्याच रकान्यांत आता पिन, तारेचा रंग, मॉडबसचा पत्ता, विषयाचं नाव आणि फ्यूज हे भरा, एक प्रत डब्याच्या दाराला आतून चिकटवा आणि तारांच्या दोन्ही टोकांना तेच क्रमांक लावा. रिले बदलला किंवा पत्ता बदलला, की त्याच दिवशी त्या कागदावर पेनाने दुरुस्ती करून शेजारी तारीख घाला.